पुरंदरचा नकार, जिंजीचा श्रोता

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत मुरारबाजी देशपांडे यांचा प्रसंग जेमतेम पानभराचा आहे. तेवढ्या जागेत लढाई पेटते, एक सरदार शत्रूच्या गोटापर्यंत जाऊन भिडतो, त्याला जीवदान देऊ केले जाते, तो ते झिडकारतो आणि पडतो. त्यानंतरही लढाई थांबत नाही. आपण बहुतेकांनी ही कथा चौथीच्या इतिहासात प्रथम ऐकली. पुढे ती पोवाड्यांतून, व्याख्यानांतून, शिवजयंतीच्या देखाव्यांतून इतक्यांदा भेटली की मूळ पान उघडून पाहण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली. ते पान उघडले की पहिला धक्का बसतो तो त्याच्या साधेपणाचा. सभासद कुठेही आवाज चढवत नाही. म्हणूनच वैऱ्याने शरण येण्याची वाट मोकळी करून दिली असताना माणूस लढणेच का पत्करतो, हे या पानावर जितके स्वच्छ दिसते तितके मोठाल्या वीरकाव्यांतही दिसत नाही.

बखर कुठे आणि कुणासाठी लिहिली गेली, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. सभासद हा शिवकालातला जुना, माहितगार माणूस. त्याने बखर लिहिली ती आजच्या तामिळनाडूतल्या जिंजीच्या किल्ल्यात, छत्रपती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. त्या काळात जिंजीला मोगलांचा वेढा होता. १६९० मध्ये झुल्फिकारखानाने घातलेला हा वेढा कधी आवळत, कधी सैल पडत १६९८ च्या सुरुवातीपर्यंत चालला. म्हणजे शत्रूला नकार देणाऱ्या शिपायाची ही कथा वेढ्यातल्या किल्ल्यात लिहिली गेली आणि तिचा पहिला श्रोता स्वतः वेढलेला राजा होता. पुरंदरचा प्रसंग वाचताना ही एक गोष्ट मनाआड होऊ दिली तर त्याचा निम्मा अर्थ हातून जातो.

बखरीच्या आरंभीच राजाराम महाराजांची पृच्छा येते. आपल्या वडिलांनी एवढा पराक्रम केला, चार पातशाह्यांना जरब बसवली. असे असूनही औरंगजेबाने येऊन इतके किल्ले घेतले, याचे कारण काय, असा त्या पृच्छेचा आशय आहे. जुन्या राज्यातली माहिती असलेल्या माणसाने ते सगळे चरित्र पहिल्यापासून लिहून सांगावे, अशी राजाची आज्ञा आहे. स्तुतिपर चरित्राची सुरुवात सहसा अशी होत नाही. विचारणारा राजा पंचविशीच्या आसपासचा आहे. थोरल्या भावाला, संभाजी महाराजांना, औरंगजेबाने मार्च १६८९ मध्ये हालहाल करून मारले आहे. राजधानी रायगड त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पडली आहे. वहिनी येसूबाई आणि लहानगा शाहू बादशहाच्या छावणीत कैदेत आहेत. अशा वेळी हा तरुण राजा विचारतो की गड का गेले. पुढची सगळी बखर या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचता येते, आणि पुरंदरचे पान हा त्या उत्तराचा गाभा आहे.

आता प्रसंगाकडे येऊ. १६६५ साल. औरंगजेबाने मिर्झाराजा जयसिंहाला दक्षिणेत पाठवले. जानेवारीत त्याची फौज बऱ्हाणपुरास पोचली, फेब्रुवारीत औरंगाबादेस आणि मार्चच्या आरंभी पुण्यात. बऱ्हाणपूर ते औरंगाबाद ही जुनी वाट फर्दापूरजवळ अजिंठ्याचा घाट चढते. मोताळा तालुक्यातले आमचे धामणगाव बढे याच डोंगररांगेच्या उत्तर अंगाला आहे. पुरंदरावर आदळलेली ती फौज आमच्या पश्चिमेच्या बाजूने दक्षिणेत उतरली, हे नकाशावर बोट फिरवले की लगेच ध्यानात येते. या मुलखाने दिल्लीच्या स्वाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या जाताना पाहिल्या. त्या स्वारीचे वजन केवढे असते हे इथल्या माणसांना ठाऊक होते, आणि याच जिल्ह्यातल्या सिंदखेडच्या जाधवांना ते सर्वांत जास्त ठाऊक होते. लखुजीराव जाधवांचा १६२९ मध्ये निजामशाही दरबारात, दौलताबादेस, घात झाला. भरवशाने बोलावून जीव घेतला जातो, हे जिजाऊंनी माहेरच्या रक्तात पाहिले होते. शत्रूने देऊ केलेल्या अभयाकडे त्यांच्या मुलाच्या राज्यात कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, याचा एक धागा सिंदखेड राजाच्या वाड्यापर्यंत येऊन पोचतो.

मार्चच्या अखेरीस जयसिंहाबरोबरच्या दिलेरखानाने पुरंदरास वेढा घातला. शेजारचा वज्रगड १४ एप्रिलला पडला. वज्रगड पडला म्हणजे पुरंदरची माची तोफेच्या टप्प्यात आली. मोर्चे पुढे सरकत होते, बुरुजांवर मारा होत होता. अशा वेळी गडावरचा सरदार मुरारबाजी निवडक सातशे माणसे घेऊन गड उतरतो आणि खाली पसरलेल्या हजारोंच्या फौजेवर तुटून पडतो.

सभासद हे आकड्यांत सांगतो. गडावर दोन हजार माणूस. त्यातली एक हजार मुरारबाजीबरोबरची, एक हजार किल्ल्याची. त्यातून निवडलेले सातशे. समोर दिलेरखानाचे पाच हजार पठाण, शिवाय इतर लोक. पठाण पाचशे पडले. मग मुरारबाजी साठ माणसांनिशी कापत कापत खुद्द खानापर्यंत येतो. हे आकडे इतिहासाच्या तराजूत काटेकोर उतरतात की नाही, हा वेगळा विषय आहे. साहित्य म्हणून त्यांचे काम मोठे आहे. दोन हजार, सातशे, साठ आणि शेवटी एक. माणसे कमी कमी होत जातात तशी वाचकाची नजर एका बिंदूवर येते. सभासदाने दृश्य रंगवलेले नाही, रणधुमाळीचे वर्णन केलेले नाही, घोड्यांच्या टापा की तलवारींचा खणखणाट, काहीही ऐकवलेले नाही. हिशेबनीसाच्या हाताने त्याने एकेक रक्कम वजा केली आहे, आणि शेवटी उरलेला माणूस खानासमोर उभा केला आहे. या उतरत्या आकड्यांची लय कानात भरली की अलंकाराची उणीव भासत नाही.

इथे दिलेरखान बोलतो. या मराठी बखरीत मोगल सरदाराला मिळालेले बोलणे नीट पाहण्यासारखे आहे. तो शिवीगाळ करत नाही, धमकी देत नाही. समोरच्या माणसाचे मर्दानेपण पाहून त्याला अभय घेण्यास सांगतो, आणि त्याला नावाजण्याचे, मोठे करण्याचे वचन देतो. हा देकार खोटा असल्याची कसलीही खूण सभासदाने ठेवलेली नाही. खान लबाड असता तर मुरारबाजीचा नकार सोपा झाला असता. फसव्याला नाही म्हणायला फक्त सावधपणा लागतो. देणारा मनापासून देतो आहे, देण्याची त्याची ऐपत आहे, आणि घेतले तर जीव वाचून वर मनसब मिळणार आहे. अशा वेळी नाही म्हणण्याला काहीतरी निराळेच लागते. शत्रूला उमदेपणा देऊन सभासदाने नकाराची किंमत वाढवून ठेवली आहे.

मुरारबाजीचे उत्तर दोन-तीन तुकड्यांचे आहे, आणि ते प्रश्नाने सुरू होऊन प्रश्नानेच संपते. असल्या अभयाची मातबरी काय, हा पहिला प्रश्न. आपण शिवाजी महाराजांचे शिपाई आहोत, हे मधले एकच विधान. आणि मग, आपण ते घेऊ असे वाटले तरी कसे, हा दुसरा प्रश्न. दोन प्रश्नांच्या मधोमध एक ठाम वाक्य, अशी ही रचना आहे. त्या मधल्या वाक्यात मुरारबाजी आपले नाव सांगत नाही, कुळ सांगत नाही, शौर्याचा दाखला देत नाही. धर्म, देश, स्वर्ग, कीर्ती यांतले काहीच त्याच्या तोंडी नाही. तो फक्त आपण कुणाचे आहोत ते सांगतो. एवढे सांगितल्यावर पुढचे सांगायची गरज उरत नाही, असा त्याचा भाव आहे. नकाराची कारणे देत बसला असता तर त्या कारणांवर वाद घालता आला असता. त्याने वादाला जागाच ठेवली नाही.

हा माणूस मूळचा महाडकडचा, आणि आधी जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या चाकरीत होता, हे लक्षात घेतले की त्या मधल्या वाक्याचे वजन आणखी वाढते. १६५६ मध्ये जावळी पडली, तेव्हा तो मोऱ्यांच्या बाजूने लढला होता. नंतर तो शिवाजी महाराजांकडे आला. म्हणजे धनी बदलणे म्हणजे काय, हे त्याला अनुभवाने माहीत होते. त्या काळी ते काही लाजिरवाणेही मानले जात नसे; पराक्रमी शिपायाने जिंकणाऱ्याची चाकरी धरणे ही रीतच होती. दिलेरखान त्याच रीतीला धरून बोलतो आहे. एकदा धनी बदललेला माणूस नऊ वर्षांनी, मरण समोर असताना, पुन्हा बदलायला तयार नाही, यात त्या नऊ वर्षांची साक्ष आहे. जावळीनंतर त्याला जे मिळाले ते निव्वळ पगारपाण्याच्या पलीकडचे होते. मुरारबाजीच्या एका वाक्यातून स्वराज्याची परीक्षा होते आणि ते परीक्षेला उतरते. सभासद हे समजावून सांगायला थांबत नाही.

उत्तर देऊन मुरारबाजी सरळ खानावर चालून जातो. खान स्वतः तीर मारतो. माणूस पडतो. मग खान आश्चर्याने तोंडात बोट घालतो आणि असा शिपाई देवाने निर्माण केला, असे उद्गार काढतो. वैऱ्याच्या तोंडून वाखाणणी हे वीरकथेतले जुने साधन आहे, पण इथे त्याची जागा पाहावी. ती मरणानंतर येते, म्हणजे ती ऐकायला मुरारबाजी नाही. नावाजण्याचे जे वचन खानाने जिवंतपणी देऊ केले होते, ते नाकारल्यानंतर त्याला कायमचे मिळाले. ही उलटापालट सभासदाने एका शब्दानेही दाखवून दिलेली नाही. दोन वाक्ये फक्त जवळजवळ ठेवली आहेत. चांगल्या गद्याला याहून जास्त काही करावे लागत नाही.

बहुतेक सांगणारे कथा इथेच संपवतात. देखाव्यात पडदा पडतो तो इथेच. सभासदाचे मोठेपण मात्र पुढच्या चार ओळींत आहे. सातशेपैकी तीनशे पडले, उरलेले चारशे परत गडावर गेले, असे तो नोंदवतो. इकडे खान चिडतो, डोक्यावरचा मंदील उतरवतो आणि गड घेतल्यावाचून पागोटे बांधणार नाही अशी शपथ घेतो. आणि मग गडावरच्या माणसांचे बोलणे येते. एक मुरारबाजी पडला म्हणून काय झाले, आपणही तसेच शूर आहोत, अशी हिंमत धरून ते भांडत राहतात. या ओळीत बोलणाऱ्या कुणाचेही नाव नाही. किल्लेदार पडला की किल्ला पडतो, हा सगळ्या जगाचा अनुभव. सरदाराच्या हत्तीवरची अंबारी रिकामी दिसली की फौजा पळत सुटत, अशा लढायांनी आपला इतिहास भरलेला आहे. इथे सरदार पडला आणि चारशे माणसे वर जाऊन पुन्हा बुरुजाला लागली.

माझ्या मते या पानाचा खरा कळस इथे आहे. मुरारबाजीचा नकार एका क्षणाचा आहे, तेजस्वी आहे, पण तो एकट्याचा असता तर खानाच्या तिराबरोबर संपला असता. गडावरच्या लोकांनी तो आपला केला. त्यांना कुणी जीवदान देऊ केलेले नव्हते, कुणी नावाजणार नव्हते, त्यांची नावे लिहायलाही कुणी बसले नव्हते. तरीही निर्णय त्यांनी स्वतः घेतला. शरण न जाण्याचा निर्णय नेता घेतो असे आपण म्हणतो. तो टिकतो मात्र नेता पडल्यावर उरलेल्यांनी तो पुन्हा घेतला तरच. सभासदाला हे कळले होते, म्हणून त्याने वीराच्या मृत्यूवर पडदा न टाकता लढाई पुढे चालू ठेवली.

आता या पानाच्या मागेपुढे काय आहे ते पाहू. कारण रसिकाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट तिथे आहे. मुरारबाजीने नकार दिला तो पुरंदर पुढे महाराजांनी स्वतः देऊन टाकला. जून १६६५ मध्ये ते जयसिंहाच्या छावणीत गेले. तहात तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला. बारा किल्ले आणि लाख होनांचा मुलूख राहिला. बखरीत हा सल्ला करायला खुद्द भवानीचा कौल आहे. प्रसंग कठीण आहे, जयसिंहाशी सलोख्यानेच निभावावे लागेल, असे देवी राजाला सांगते. म्हणजे ज्या कथेत शिपाई अभय झिडकारतो त्याच कथेत त्याचा राजा तह करतो, आणि दोन्ही गोष्टी सभासद एकाच शांत सुरात लिहितो. शिपायाला तो हट्टी म्हणत नाही, राजाला दुबळा म्हणत नाही.

हा विरोध नीट निरखला तर दिसते की दोघांच्या निर्णयाचे मूळ एकच आहे. मुरारबाजीच्या हाती एक गड होता आणि तो कुणाचा, याचा फैसला करण्याचा अधिकार त्याला नव्हता. गड धन्याचा होता. म्हणून त्याला अभय घेताच येत नव्हते. महाराजांच्या हाती सगळे राज्य होते. वेढ्याच्या आत अडकलेली रयत, गडावरची बायकापोरे, उद्या लढायला हवी असलेली माणसे, हे सगळे त्यांना मोजायचे होते. गड देण्याचा अधिकार त्यांचा होता आणि तो त्यांनी राज्य राखण्यासाठी वापरला. शिपायाने गड सोडला नाही म्हणून राजाच्या हाती देण्याजोगे काहीतरी उरले. दोन-अडीच महिने पुरंदर लढला नसता, तर जयसिंहापुढे बोलणी करायला बसताना महाराजांच्या पदरात काय असते? पडलेल्या गडाची किंमत तहात लागत नाही. लढत्या गडाची लागते. मुरारबाजीचे मरण त्या बारा किल्ल्यांच्या शिल्लक राहण्यात जमा आहे.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. आग्र्याहून सुटका झाली, आणि १६७० मध्ये गेलेले किल्ले परत यायला लागले. ४ फेब्रुवारीला कोंढाणा आला आणि ८ मार्चला निळोपंत मुजुमदारांनी पुरंदर परत घेतला. या दोन तारखांच्या मध्ये, २४ फेब्रुवारी १६७० ला, राजगडावर राजाराम महाराजांचा जन्म झाला. पुरंदर परत आला तेव्हा ते दोन आठवड्यांचेही नव्हते. जिंजीत बसून ज्या राजाने गड का गेले असे विचारले, त्याच्या पाळण्याभोवती गेलेले गड परत येत होते. सभासदाला हे सांगून दाखवायची गरज नव्हती. कथा ऐकता ऐकता ते राजाच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नसेल.

जिंजीच्या वेढ्यात या पानाचा अर्थ म्हणूनच दुहेरी होतो. राजाराम महाराजांच्या पाठीशी दोन प्रकारचे निर्णय होते. पहिला येसूबाईंचा. १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडत असताना त्यांनी आपल्या लहानग्या मुलाचा हक्क पुढे न करता दिराला गडाबाहेर काढले. ५ एप्रिलला राजाराम महाराज रायगड सोडून निघाले आणि मजल-दरमजल करत जिंजीस पोचले. येसूबाई मात्र मागे राहिल्या, महिनोन्‌महिने गड लढता ठेवला आणि शेवटी तो शत्रूच्या हाती गेला. तो घेणारा इतिकादखान. त्याच पराक्रमाबद्दल बादशहाने त्याला झुल्फिकारखान हा किताब दिला आणि तोच पुढे जिंजीवर येऊन बसला. राजधानी गेली, राणी आणि वारस कैदेत गेले, पण राज्य कैदेत गेले नाही. पुरंदरला राजाने जे केले तेच रायगडला या राणीने केले, आणि तिने मोजलेली किंमत फार मोठी होती.

दुसरा निर्णय मैदानातल्या लोकांचा. रामचंद्रपंत अमात्य महाराष्ट्रात राहून कारभार आणि लढाई दोन्ही चालवत होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगलांच्या पिछाडीवर तुटून पडत होते. खजिना रिता होता, तरी जिंजीतून पत्रे सुटत होती. जून १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना जे लिहून दिले त्यात महाराष्ट्रापासून थेट दिल्ली जिंकेपर्यंतच्या मोहिमांवर इनामाचे हप्ते बांधलेले आहेत. स्वतः वेढलेला राजा दिल्लीचा हिशेब करतो, ही बढाई वाटू शकते. पण गडावरच्या त्या चारशे माणसांची ओळ वाचल्यानंतर तशी वाटत नाही. राजा कोंडलेला असला तरी लढाई कोंडलेली नाही, हे त्याला माहीत होते. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी दूर दक्षिणेत जिंजी जिंकून ठेवली होती. वडिलांनी मिळवलेल्या त्या गडात मुलगा वडिलांचे चरित्र लिहवून घेत होता.

म्हणून मला वाटते, राजाच्या पृच्छेला सभासदाने दिलेले उत्तर असे आहे: गड गेले हे खरे, पण वडिलांच्या हातूनही गड गेले होते. त्या वेळी राज्य वाचले ते एका शिपायाने शत्रूचे मोठेपण नाकारले म्हणून, त्याच्यामागे चारशे माणसे पुन्हा वर चढली म्हणून, आणि राजाने काय द्यायचे व काय राखायचे ते अचूक ओळखले म्हणून. या तीन गोष्टी अजून शाबूत असतील तर औरंगजेबाने घेतलेल्या किल्ल्यांची यादी कितीही लांब असली तरी भिण्याचे कारण नाही. सभासदाने असे वाक्य लिहिलेले नाही. पण बखरीच्या आरंभीचा प्रश्न आणि पुरंदरचे हे पान शेजारी ठेवून वाचले की दुसरा निष्कर्ष निघत नाही.

पुढच्या वर्षांनी हे उत्तर खरे केले. जिंजी पडली त्याआधीच राजाराम महाराज बाहेर निसटले होते. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले, तेव्हा पंचविशीतल्या ताराबाईंनी तोच प्रश्न पुन्हा अंगावर घेतला आणि तेच उत्तर दिले. एक राजा पडला तर काय झाले, हे या वेळी एका राणीने कृतीने सांगितले. औरंगजेब एकामागून एक गड घेत राहिला आणि मराठे ते परत घेत राहिले. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला बादशहा मेला, तेव्हा त्याची दक्षिण मोहीम पंचवीस वर्षांनंतरही संपलेली नव्हती.

या पानाला मर्यादा आहेत. पडलेल्या तीनशेंपैकी एकाचेही नाव आपल्याला कळत नाही. पुरंदरच्या घरांमध्ये त्या दिवसांत काय चालले होते, बायकांनी काय सोसले, याचा पत्ता लागत नाही. वेढ्याच्या बारीकसारीक हकिगतीसाठी जयसिंहाच्या फारसी पत्रांकडे वळावे लागते. बखर म्हणजे दफ्तर नव्हे, आणि सभासद घटनेनंतर सुमारे तीस वर्षांनी आठवणीतून लिहितो आहे. पण त्याच्या हाताला जे लागले ते दफ्तरात सापडत नाही. त्याने एका माणसाच्या नकारातून सगळ्या गडाचा स्वभाव पकडला, आणि गडाच्या स्वभावातून राज्याचा.

धामणगाव बढे ते सिंदखेड राजा हे अंतर एकाच जिल्ह्यातले. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी लोटणाऱ्या गर्दीत आमच्याकडचीही माणसे असतात. तिथे घोषणा होतात, भाषणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत. मला त्याबरोबर एवढेच मागायचे आहे की सभासदाचे हे पान तिथे मोठ्याने वाचले जावे, आणि मुरारबाजी पडल्यानंतरच्या ओळी गाळल्या जाऊ नयेत. शूर माणसाच्या मरणाने आपले डोळे भरून येतात, ते स्वाभाविक आहे. पण मुलांना शिकवायची गोष्ट त्याच्या पुढची आहे: आपल्यातला सर्वांत मोठा माणूस पडल्यावर, कुणी पाहत नसताना, आपापल्या बुरुजावर परत जायचे असते. मुरारबाजीला शोभेल अशी दुसरी आदरांजली मला दिसत नाही, आणि सभासदानेही तीच वाहिली आहे.